सीटखालचा पत्रा

गाडी दारात आली की मी आधी बॉनेट उघडत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडतो, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरतो आणि आडवी हलवतो. पुढे-मागे हलवून फारसे कळत नाही. रेल झिजली की जुनी सीट पुढे-मागे खुळखुळतेच. आडवी हलवताना मात्र कान खाली लावायचा. रेलचा आवाज कोरडा असतो, लोखंडावर लोखंड. खालचा पत्रा तुटला असेल तर दबका ‘टुप्’ असा आवाज येतो, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा अंगठ्याने दाबून सोडल्यावर येतो तसा. तो आवाज आला की बाकीची कामे बाजूला.

ही सवय वडिलांची. ते एसटीच्या डेपोत बॉडीच्या कामाला होते. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी आमच्या नगरहून पुण्याला सुटली, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे. रात्री मुक्कामाची गाडी डेपोत लागली की वडील दारातून शिरत आणि एकेका बाकाला हात लावत मागच्या काचेपर्यंत जात. हललेल्या बाकावर खडूने फुली. इंजिन बंद पडले तर प्रवासी उतरून चालू लागेल, पण चालत्या गाडीत बाक उखडला तर माणूस कुठे जाऊन आदळेल ते कोणाच्याच हातात नसते, असे त्यांचे म्हणणे. मी एसटीत लागलो नाही. भिंगारला एका उस्तादांकडे गॅस वेल्डिंग शिकलो आणि गेली तीस वर्षे केडगावकडे पत्र्याचेच काम करतो. नगरचे नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले. गाड्यांच्या पाट्यांवरचा सोळा नंबर तोच आहे.

मागच्या श्रावणात एका निवृत्त गुरुजींची मारुती 800 आली, 1998 सालची. गुरुजी अकोले तालुक्यातले, मुलगी सावेडीला राहते म्हणून नगरला आलेले. म्हणाले, “मिस्त्री, सीटचा एखादा बोल्ट ढिला झालाय. ब्रेक मारला की मी कलतो. तेवढा आवळून द्या, मी इथंच उभा राहतो.”

बाराचा पाना लावला. बोल्ट फिरला, आणि फिरतच राहिला. आवळतही नव्हता, निघतही नव्हता. वरून बोल्ट फिरवताना खाली नट पत्र्यासकट फिरत होता. मी पाना खाली ठेवला आणि पोऱ्याला खुर्ची आणायला सांगितले.

“बसा गुरुजी. आज गाडी मिळायची नाही.”

हे त्यांना समजावून सांगायला वेळ लागला, कारण सीट मोडली म्हटले की माणूस सीटकडे बघतो. दहातल्या आठ वेळा सीटला काही झालेले नसते. तिच्या खालची जमीन गेलेली असते.

उस्तादांकडे लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जोंगा यायच्या. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ती गाडी म्हणजे खाली जाडजूड लोखंडी चॅसी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी. पाय ठेवायचा पत्रा सडला तरी चॅसी शाबूत. सडका पत्रा कापा, नवा बसवा, मोकळे व्हा. त्याच सवयीने मी पहिली मारुती हातात घेतली आणि चुकलो, ते पुढे सांगतो. मारुतीत अशी वेगळी चॅसी नाही. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा आम्हा पत्र्यावाल्यांची विद्याच तिने बदलली. फ्लोअर, दारांखालच्या बंद पेट्या, खांब, छत हे सगळे पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून एक खोके केलेले, आणि ताकद जी काही आहे ती त्या खोक्यात. फ्लोअरचा पत्रा नुसता पाय ठेवायला नाही, तो गाडीचे हाड आहे. आणि या हाडाची जाडी एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही.

मग एवढ्या पातळ पत्र्यावर भरल्या अंगाचा माणूस वीस-पंचवीस वर्षे बसतो कसा? फ्लोअरवर एका बाजूच्या पेटीपासून मधल्या उंचवट्यापर्यंत एक आडवी पट्टी असते, पन्हळ उलटी ठेवावी तशी. तिला आम्ही क्रॉस मेंबर म्हणतो. तिच्या पोटात कारखान्यातच नट वेल्ड केलेले असतात. वरून बोल्ट आवळला की त्याची ओढ नटावर, नटावरून पन्हळीवर, पन्हळीवरून पेटीवर आणि तिथून सगळ्या खोक्यावर जाते. भार एका जागी राहू द्यायचा नाही, पसरवायचा, एवढीच त्यातली कारागिरी. पसरवणारा पत्रा कुजला की तोच भार पुन्हा एका टाचेएवढ्या जागेवर येतो.

तुटतो तोही ठरलेला कोपरा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो. चढताना आधी सीटच्या बाहेरच्या कडेवर बसतो, मग आत सरकतो. उतरताना त्याच कडेवर जोर देऊन उठतो. रेलून बसला की पाठीच्या जोराने मागचे बोल्ट खाली दाबले जातात. दोन्ही जोर एकत्र येतात ते बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथे भोकाच्या कडेला केसाएवढी तड जाते, ती वेल्डच्या कडेकडेने फिरते, आणि एक दिवस नटाभोवतीचा रुपयाएवढा पत्रा सुटून येतो. गुरुजींच्या गाडीत तोच कोपरा होता.

मॅट उचलली. खाली नमदा. नमदा पिळला तर धार लागली.

आमच्या नगर, पाथर्डी, कर्जतकडे पाऊस बेताचा. अकोल्याचा पश्चिम भाग त्याच जिल्ह्यात असून वेगळ्याच मुलखात आहे. घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. गुरुजींचे गाव त्याच बाजूचे. पोऱ्याला टॉर्च देऊन गाडीत बसवले आणि बाहेरून काचेवर नळी धरली. दोन मिनिटांत आतून आवाज आला, “उस्ताद, आलं! कोपऱ्यातून लई बारीक येतंय.” पुढच्या काचेचे रबर उजव्या खालच्या कोपऱ्यात कडक होऊन तडकले होते. तिथून थेंब थेंब पाणी नमद्याखाली उतरायचे आणि वर मॅट कोरडीच राहायची. गुरुजी दर रविवारी गाडी पुसायचे. पाणी कधी त्यांच्या नजरेस पडलेच नाही.

पण नुसत्या पावसाला दोष देऊन चालत नाही. कोरड्या नेवासे, शेवगावकडच्या गाड्याही माझ्याकडे सडून येतात, आणि त्यांच्या रेलमध्ये मला पांढरे दाणे सापडतात. खत. शेतकऱ्याची ओम्नी म्हणजे घरची बैलगाडीच. नेप्तीच्या बाजारात कांदा घेऊन जायचे आणि येताना खताच्या गोण्या. गोणीच्या शिवणीतून सांडलेले दाणे रेलच्या खाचेत बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि बोल्टच्या डोक्याभोवती त्यांचा राब होतो. संगमनेरकडच्या गाड्यांत तेच काम सांडलेले दूध करते. दूध आंबते आणि पत्र्याला लागते. दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात तिथे हा ओलावा फटीत ओढला जातो आणि उन्हानेही वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फटीत गंज फुगला की तोच दोन पत्र्यांना फाकवतो आणि स्पॉट वेल्ड एकेक करून उसवत जातो. वरून रंग शाबूत, आत सगळे उसवलेले.

म्हणून छिन्नी घेऊन टोचत जावे लागते. मधून सुरुवात करायची आणि बाहेर सरकायचे. टोक रुतते तोवर पुढे. जिथे ठण् वाजते तिथे रेघ मारायची, आणि कापायचे ते रेघेच्याही बोटभर बाहेर, जिथे ग्राइंडर फिरवल्यावर चांदीसारखा पत्रा दिसतो. गुरुजी खुर्ची जवळ ओढून बघत होते. सुरुवातीला रुपयाएवढे असलेले भोक शाळेच्या पाटीएवढे झाले, तेव्हा त्यांना राहवले नाही.

“मिस्त्री, भोक लहान होतं. तुम्ही मोठं केलंत.”

“एवढंच होतं गुरुजी. दिसत नव्हतं.”

याच ठिकाणी मी एकदा चुकलो. नवा नवा धंदा, हातात काम कमी. गिऱ्हाईक म्हणाले, घाई आहे, वरून एक पट्टी डागून द्या. मी सडक्या पत्र्यावर तीन मिलीमीटरची पट्टी ठेवली आणि चारी बाजूंनी वेल्ड मारला. वेल्ड देखणा होता. दिसायला सीट लोखंडाच्या खांबासारखी घट्ट झाली. सहा महिन्यांनी तीच गाडी चंदनापुरीच्या घाटात चढणीला होती, ड्रायव्हरने गिअर बदलला, आणि सीट पट्टीसकट मागे कलंडली. माझा वेल्ड कुठेही तुटला नव्हता. त्याच्या कडेचा कुजका पत्रा, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखा, चारी बाजूंनी फाटला होता. माणसाने स्टिअरिंगला लोंबकळत गाडी कडेला घेतली म्हणून वाचला. तो मला काही बोलला नाही. गाडी दाखवायला घेऊन आला आणि पट्टी माझ्या हातात दिली. ती मी अजून ठेवली आहे, कामाला नवा पोऱ्या लागला की त्याला दाखवतो. जाड लोखंड सडक्या लोखंडाला जोडले की सडक्याचे हाल वाढतात, कारण आता सगळी ओढ त्या एका कडेवर येते.

गुरुजींच्या गाडीला फ्लोअरसाठी अठरा गेजचा पत्रा घेतला, म्हणजे सव्वा मिलीमीटरला थोडा कमी. मूळ पत्र्यापेक्षा थोडा जाड, फार नाही. कापलेल्या भोकाचे कोपरे गोल केले. चौकोनी कोपऱ्यातून तड पुन्हा सुरू होते. शेजारी एक लहानशी तड निरोगी पत्र्यात शिरली होती. तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडले आणि मग ती भरली. टोकाला भोक नसेल तर तड वेल्डच्या पलीकडे चालतच राहते.

नटाचे काम सगळ्यांत नाजूक. पन्हळीच्या पोटात हात जात नाही, म्हणून तिच्या कुशीत एक खिडकी कापावी लागते. तीन मिलीमीटरच्या पट्टीला भोक पाडून तिच्या खाली नवा नट वेल्ड करायचा, ती पट्टी खिडकीतून आत सरकवायची आणि वरच्या पत्र्याला धरायची. नटावर चकचकीत झिंकचा मुलामा असतो, तो आधी घासून काढायचा. नाही तर वेल्ड फुगतो, आणि तो पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्ड करताना नटात जुना बोल्ट फिरवून ठेवायचा, म्हणजे आट्यांवर ठिणग्या बसत नाहीत आणि नट तिरका होत नाही. झाल्यावर पाणी ओतायचे नाही. घाईत ओल्या फडक्याने विझवलेला नट काचेसारखा ठिसूळ होतो आणि पुढे पान्याच्या एका झटक्यात उलतो. मी तो तसाच सोडून चहा घेतो.

पट्टी किती मोठी हवी, यावर कारागिरांत वाद होतात. मोटारींच्या शर्यतींसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत सीटच्या प्रत्येक पकडीला 8 मिलीमीटरचा बोल्ट आणि खाली कमीत कमी 40 चौरस सेंटीमीटरची, 3 मिलीमीटर जाड पट्टी सांगितली आहे. चाळीस चौरस सेंटीमीटर म्हणजे साधारण काड्यापेटीच्या दोन-सव्वादोन पट. बाजारू वायसर टाकून काम भागवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बोल्टही तसाच. डोक्यावर 8.8 कोरलेला बोल्ट मी घेतो. डोके कोरे असलेला, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट गोठ्याच्या दाराला ठीक आहे.

नवा पत्रा कायमचा जोडण्याआधी सीटची रेल आणून बोल्टांवर बसवतो. सीट हेच माझे माप. चारी बोल्ट हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत गेले पाहिजेत. मग नुसते टॅक मारायचे आणि सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघायची. दोन रेल दोन मिलीमीटरनेही तिरक्या झाल्या तर सीट अडकते. त्याहून वाईट म्हणजे एका बाजूचा खटका बसतो आणि दुसऱ्या बाजूचा बसत नाही. वर बसलेल्याला सीट घट्टच वाटते. ब्रेक लागल्यावर ती एका बाजूने सुटते आणि माणूस तिरका जातो. माप जुळले की सीट काढायची आणि वेल्ड पूर्ण करायचा. आर्क जाड पट्टीवर धरून पातळ पत्र्याकडे हलकेच ओढायचा, नखाएवढा टाका, मग दुसऱ्या टोकाला टाका. एका दमात रेघ ओढली की पत्रा पापडासारखा वाकतो.

हे सगळे करताना खाली, त्याच पत्र्याच्या पाठीला, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी असते. बॅटरीची तार काढल्याशिवाय, नळ्या बाजूला घेतल्याशिवाय आणि ओले गोणपाट लावल्याशिवाय मी ट्रिगर दाबत नाही. एक माणूस बादली घेऊन खाली बघत बसतो, त्याला त्या वेळी दुसरे काम सांगायचे नाही. वेल्ड संपल्यावरही अर्धा तास गाडी सोडायची नाही. नमदा आतल्या आत धुमसत राहतो.

आणि लांबी, म्हणजे रंगाआधी भरायची पुटी. लांबी भरून, वर काळा रंग मारून बुजवलेली फ्लोअरची भोके मी इतकी उकरली आहेत की त्याबद्दल बोलताना आवाज चढतो. एका गाडीत लांबीखाली घडी घातलेले वर्तमानपत्र निघाले, त्यावर सीटचा बोल्ट. दाराचा पोचा लांबीने भरा, हरकत नाही, ती शोभेची जागा आहे. माणूस जिथे बांधलेला असतो तिथे लांबी भरणे ही फसवणूक आहे आणि मी तिला दुसरे नाव देणार नाही.

आमच्याच शहरात व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमात नव्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची यादी आहे, तिच्यात पुण्याच्या एआरएआयबरोबर हिचेही नाव आहे. नव्या गाडीची सीट आणि तिची पकड अशा संस्थांत कसोटीला लागते. अमेरिकेच्या नियमात सीटने स्वतःच्या वजनाच्या 20 पट ओढ सोसली पाहिजे असे आहे. पंधरा किलोची रिकामी सीट घेतली तरी तीनशे किलो झाले. वर माणूस, मागे पट्टा न बांधता बसलेली पोरे, त्यांचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत. नव्या कित्येक गाड्यांत तर पट्ट्याचे बकलच सीटला असते, म्हणजे अपघातात माणसाला धरून ठेवण्याचा मोठा भारही त्याच चार बोल्टांवर येतो. माझ्या वेल्डला अशी कसोटी कोणी लावत नाही. मॅट अंथरली की काम झाकले जाते, आणि ते बरे झाले की वाईट हे मलाच ठाऊक असते. म्हणून मी स्वतः सीटवर बसतो, पाय समोरच्या पत्र्याला रोवतो आणि पाठीने अंगातला सगळा जोर लावतो. पोऱ्या खाली झोपून टॉर्चच्या उजेडात वेल्डकडे बघतो. पत्रा केसभर हलला तरी काम परत.

काही गाड्या मी परत पाठवतो. फ्लोअरबरोबर दारांखालच्या पेट्याही गेल्या असतील, जॅक लावल्यावर दार अडकत असेल, तर सीट कशाला बांधणार? पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची म्हणून असल्या गाड्या येतात. मालकाचा जीव गाडीत असतो, ते मला कळते. तरी मोडीत द्या म्हणतो. आणि एअरबॅगवाल्या गाडीत सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले की मी वेल्डिंगची गोष्टच काढत नाही. त्या सीटचा सांगाडा वेगळ्या, कठीण पोलादाचा असतो, आच लागली की त्याची ताकद जाते. तिथे तुटलेला भाग बदलायचा.

गुरुजींची गाडी चौथ्या दिवशी दिली. जोडांवर सीलंट, वर झिंकचा प्रायमर, पन्हळीच्या पोटात मेण फवारलेले, आणि काचेला नवे रबर. नमदा जुना फेकून नवा घातला. ठरवलेल्या पैशांशिवाय काचेच्या रबराचे मी वेगळे मागितले नाहीत, कारण रबर न बदलता केलेला वेल्ड मी माझा म्हटला नसता. गुरुजी सीटवर बसले, दोनदा आडवे हलले आणि म्हणाले, “आवाज गेला.” या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांचा फोन आला. मॅट उचलून बघितली, नमदा कोरडा आहे, एवढेच सांगायला केला होता.

तुमच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर आज उतरताना सीटची पाठ धरून ती आडवी हलवा आणि ऐका. मग मॅट उचलून नमद्याखाली हात घाला. ओला लागला तर उन्हात वाळवा, पण पाणी कुठून येते ते सापडल्याशिवाय तो परत अंथरू नका.